वॉचडॉग टायमर : प्रोग्राम जिवंत असल्याचा पुरावा कोणता? (एक चिकित्सा)

प्रास्ताविक

मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या उपकरणाजवळ बहुधा कोणी बसलेले नसते. टेबलावरचा संगणक अडकला तर वापरणारा माणूस तो बंद करून पुन्हा सुरू करतो. विहिरीवरील पंपाचा नियंत्रक, शीतगृहातील तापमान-नोंदक किंवा डोंगरमाथ्यावरील पर्जन्यमापक यांना मात्र अशी सोय नसते. त्यांचा प्रोग्राम एखाद्या फेऱ्यात अडकला तर कोणीतरी तेथे पोहोचेपर्यंत तो तसाच अडकून राहतो. या अडचणीवर योजलेला उपाय म्हणजे वॉचडॉग टायमर. त्याची रचना साधी आहे. एक काउंटर सतत पुढे मोजत राहतो. प्रोग्रामने तो ठरावीक मुदतीच्या आत शून्यावर आणावा लागतो. मुदत टळली तर काउंटर भरून वाहतो आणि मायक्रोकंट्रोलरला रिसेट करतो. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत वॉचडॉगचे विवेचन येथेच संपते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका या ‘येथेच संपण्याला’ आहे. रिसेट करणे हा या यंत्रणेचा सर्वांत सोपा भाग होय. प्रोग्राम जिवंत आहे हे कशावरून मानायचे, हा त्यातील खरा प्रश्न आहे; आणि तोच अभ्यासक्रम, प्रात्यक्षिके व नमुना-प्रोग्राम यांनी जवळजवळ वगळलेला आहे.

नावाने केलेली दिशाभूल

वॉचडॉग म्हणजे राखणीचे कुत्रे. परंतु राखणीचे कुत्रे परक्याची चाहूल लागली की भुंकते. या टायमरला कसलीही चाहूल लागत नाही. तो प्रोग्रामकडे पाहत नाही, स्मृती तपासत नाही, आलेले उत्तर बरोबर की चूक हेही जाणत नाही. वेळेवर खाऊ मिळाला नाही तर चावणारे कुत्रे, एवढीच त्याची ओळख. या प्रतिमेमुळे विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की वॉचडॉग चालू केला म्हणजे कोणीतरी पहारा देत आहे. वस्तुतः पहारा प्रोग्रामलाच द्यायचा असतो. टायमर फक्त तो दिला गेला की नाही याची वाट पाहतो.

जुन्या कचेऱ्यांत पहाऱ्यावरचा शिपाई दर तासाला टोल देत असे. ही उपमा येथे अधिक समर्पक ठरते. टोल ऐकू आला म्हणजे शिपाई जागा आहे, असा घरात झोपलेल्यांचा भरवसा असे. आता त्या शिपायाने टोल देण्याचे काम एखाद्या स्वयंचलित यंत्राकडे सोपवले, तर टोल बिनचूक वाजेल. शिपाई जागा आहे की नाही हे मात्र कोणालाच कळणार नाही. पुढील बहुतेक चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

रेल्वे इंजिनांतील दक्षता-नियंत्रण उपकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भारतीय रेल्वेच्या इंजिनांत बसवलेल्या या उपकरणाला चालकाकडून ठरावीक काळात कोणतीही कृती आढळली नाही, तर ते आधी दिवा व भोंगा यांद्वारे इशारा देते आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लावते. विशेष असे की, सावधपणाची खूण म्हणून केवळ बटण दाबणेच ग्राह्य धरले जात नाही. गतिनियंत्रकाची हालचाल, हॉर्न, ब्रेक अशा चालकाच्या प्रत्यक्ष कामातील कृतीही ती खूण ठरतात. जागेपणाचा पुरावा कामातूनच घ्यावा, ही समज त्यामागे आहे. आपल्या प्रयोगशाळांतील वॉचडॉगच्या प्रात्यक्षिकांत ती क्वचितच दिसते.

पाठ्यक्रमातील वॉचडॉग

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इलेक्ट्रॉनिक्स अभ्यासक्रमांत ८०५१ या मायक्रोकंट्रोलरने दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान मिळवलेले आहे. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या मूळ ८०५१ मध्ये वॉचडॉग नाही. त्यामुळे त्यावर आधारलेल्या प्रात्यक्षिकांत तो विषय येत नाही, हे समजण्याजोगे आहे. परंतु या प्रात्यक्षिकांनी एक सवयही लावलेली आहे. बेरीज, वजाबाकी किंवा संख्यांचा क्रम लावणे, कोणताही प्रोग्राम असो, शेवटची ओळ ‘स्वतःकडेच उडी मार’ अशा आदेशाची असते. प्रोसेसर त्या एका ओळीत कायमचा फिरत राहतो आणि विद्यार्थी स्मृतीतील उत्तर वहीत उतरवून घेतो. काम पूर्ण करून थांबलेला प्रोग्राम आणि अडकलेला प्रोग्राम बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, ही बाब येथे शिकवता आली असती. वॉचडॉग चालू असता, तर वर्गातील प्रत्येक यशस्वी प्रोग्राम काही मिलिसेकंदांत रिसेट झाला असता.

८०५१ च्या कुळातील पुढच्या काळातील एटी८९एस५२ मध्ये ही सोय आहे. त्यात १४ बिटांचा काउंटर असून तो दर मशीन-सायकलला एकाने वाढतो. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर मशीन-सायकल १ मायक्रोसेकंदाची असल्याने मुदत सुमारे १६.४ मिलिसेकंद भरते. काउंटर सुरू करण्यासाठी आणि पुढे वेळोवेळी शून्यावर आणण्यासाठी एकाच रजिस्टरमध्ये १ई आणि त्यापाठोपाठ ई१ ही दोन षोडशमान मूल्ये लिहावी लागतात. एकदा सुरू झालेला हा वॉचडॉग प्रोग्रामला बंद करता येत नाही. तो फक्त रिसेटनेच थांबतो. या दोन्ही अटींमागे विचार आहे. भरकटलेल्या प्रोग्रामने चुकून काउंटर शून्य करू नये म्हणून दोन मूल्यांचा क्रम, आणि त्याने चुकून पहाराच उठवू नये म्हणून बंद करण्यास मनाई. परीक्षेत मात्र ‘वॉचडॉग टायमरची आकृती काढून कार्य स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि उत्तरात आकृती येते. मूल्ये दोनच का, असे कोणी विचारत नाही.

याहून बोलके उदाहरण एमएसपी४३० या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मालिकेचे आहे. २०१० मध्ये आलेल्या स्वस्त लाँचपॅड बोर्डामुळे हा मायक्रोकंट्रोलर अनेक महाविद्यालयांत पोहोचला. त्याचा वॉचडॉग वीज लागताच आपोआप सुरू होतो व त्याची मूळ मुदत सुमारे ३२ मिलिसेकंद असते. म्हणून त्याच्या जवळजवळ प्रत्येक नमुना-प्रोग्रामची पहिली ओळ एकच असते : वॉचडॉग थांबवा. निर्मात्याने सुरक्षितता हा मूळ पर्याय ठेवला आणि शिकवणाऱ्याने ती बंद करणे हा पहिला धडा केला. या ओळीचे समर्थन आहे. सी भाषेतील प्रोग्राम सुरू होताना स्मृतीची मांडणी करण्यास वेळ लागू शकतो आणि मधेच रिसेट झाल्यास प्रोग्राम कधीच सुरू होणार नाही. पण मग तयारी पूर्ण झाल्यावर तो पुन्हा सुरू करणारी ओळ नमुन्यांत का नसावी? ती नसते, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पातही ती येत नाही.

यंत्रणा हाताशी असून ती न वापरण्याची किंमत किती असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण क्लेमेंटाइन या अमेरिकी अंतराळयानाचे आहे. जानेवारी १९९४ मध्ये सुटलेल्या या यानाने चंद्राचे मानचित्रण यशस्वीपणे पूर्ण केले. त्यानंतर जिओग्राफोस या लघुग्रहाकडे जाण्याच्या तयारीत असताना ७ मे १९९४ रोजी त्याच्या संगणकात बिघाड झाला. दिशानियंत्रणाचे थ्रस्टर चालू राहिले, इंधन संपले आणि यान मिनिटाला सुमारे ८० फेरे या वेगाने फिरू लागले. लघुग्रहाची भेट सोडून द्यावी लागली. या विषयाचे ख्यातनाम भाष्यकार जॅक गॅन्सल यांच्या विवेचनानुसार, यानाच्या हार्डवेअरमध्ये वॉचडॉग होता. त्याचा उपयोग करणारे सॉफ्टवेअर मात्र लिहिलेले नव्हते.

टोल कोणी द्यायचा?

वॉचडॉग वापरला जातो तेथेही तो कसा वापरला जातो हे पाहणे अगत्याचे आहे. नवशिक्याची पहिली अडचण अशी असते की मुख्य फेरा कधी लवकर संपतो, कधी उशिरा. त्यामुळे काउंटर वेळेवर शून्य होत नाही आणि उपकरण विनाकारण रिसेट होते. यावर दोन प्रचलित तोडगे आहेत. पहिला, शून्य करण्याचा आदेश प्रोग्राममध्ये जागोजागी पेरणे. दुसरा अधिक ‘व्यवस्थित’ दिसणारा, म्हणूनच अधिक घातक. यात दर काही मिलिसेकंदांनी येणाऱ्या टायमर-इंटरप्टच्या उपप्रोग्राममध्येच तो आदेश ठेवला जातो. यानंतर तक्रार उरत नाही. टोल अचूक पडत राहतो.

इंटरप्ट ही मुख्य प्रोग्रामपासून स्वतंत्र वाट आहे. मुख्य प्रोग्राम एखाद्या संवेदकाच्या उत्तराची अनंतकाळ वाट पाहत असला तरी टायमर-इंटरप्ट ठरल्या वेळी येतच राहतो. म्हणजे मेलेल्या प्रोग्रामच्या वतीने जिवंतपणाचा दाखला दिला जातो. असा वॉचडॉग जवळजवळ इंटरप्ट यंत्रणेचीच राखण करतो. तो नसण्यापेक्षा बरा असे म्हणावे तर तेही कठीण आहे. कारण तो नसला तर निदान नसल्याची जाणीव असते.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. टोयोटाच्या २००५ सालच्या कॅमरी मोटारीच्या अपघातावरून अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये चाललेल्या खटल्यात सॉफ्टवेअर-तज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्ष दिली. इंजिन-नियंत्रकातील वॉचडॉग टायमर-इंटरप्टमधून शून्य केला जात होता आणि त्यामुळे एखादे महत्त्वाचे टास्क बंद पडले तरी ते त्याच्या लक्षात येण्याची खात्री नव्हती, असे त्यांनी त्या साक्षीत मांडले. ज्यूरीने निर्णय कंपनीच्या विरुद्ध दिला व त्यानंतर तडजोड झाली. दुसऱ्या बाजूस, नासाच्या अभियंत्यांनी केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अनियंत्रित वेगवाढीचे इलेक्ट्रॉनिक कारण सिद्ध होऊ शकले नव्हते, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल. अपघाताच्या कारणाबद्दल मतभेद राहू शकतात. तथापि टोलाचे काम घड्याळाकडे सोपवण्याची रचना सदोष आहे, या तांत्रिक मुद्द्याला त्या मतभेदाने बाधा येत नाही.

याउलट, पुरावा कामातून घेतल्यास काय साधते ते मार्स पाथफाइंडरच्या अनुभवावरून दिसते. हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. हवामानविषयक माहिती गोळा करण्याचे काम सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून रिसेट होऊ लागला. उड्डाण-सॉफ्टवेअरचे प्रमुख ग्लेन रीव्हज यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतातून त्याचे कारण स्पष्ट होते. कमी प्राधान्याचे हवामान-टास्क एक सामाईक कुलूप धरून बसे. मध्यम प्राधान्याची टास्के त्याला पुढे सरकू देत नसत. आणि माहितीचे वाटप करणारे उच्च प्राधान्याचे टास्क त्याच कुलुपाची वाट पाहत खोळंबे. माहिती-बसचे वेळापत्रक सांभाळणारे दुसरे टास्क प्रत्येक आवर्तनात तपासत असे की आधीच्या आवर्तनाचे वाटप पुरे झाले काय. ते झाले नाही असे आढळताच रिसेट घडवला जाई.

येथे विचारलेला प्रश्न लक्षात घेतला पाहिजे. ‘प्रोसेसर चालू आहे काय?’ असा तो नव्हता. प्रोसेसर चालूच होता, किंबहुना अतिशय व्यग्र होता. ‘जे काम या वेळेपर्यंत व्हायला हवे होते ते झाले काय?’ असा तो होता. इंटरप्टमधून शून्य होणाऱ्या वॉचडॉगला ही अडचण दिसली नसती. यान माहिती पाठवण्यात मागे पडत गेले असते आणि कारण अंधारात राहिले असते. प्रत्येक रिसेटबरोबर त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाई, हे नुकसान होतेच. परंतु अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तीच स्थिती पुन्हा घडवली, नोंदींचा माग काढला आणि कुलुपासाठी प्राधान्य-वारशाची सोय चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. अशा प्रकारचे रिसेट उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसले होते, पण तेव्हा ते पुन्हा घडवता आले नव्हते, असेही रीव्हज यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

छोट्या मायक्रोकंट्रोलरवरही हे तत्त्व आणता येते. त्यासाठी अंतराळयान लागत नाही. समजा पंप-नियंत्रकात तीन कामे आहेत : पाण्याची पातळी मोजणे, पंप चालू-बंद करणे आणि संदेश पाठवणे. प्रत्येक कामाने आपले आवर्तन खरोखर पूर्ण झाल्यावरच स्वतःची एक खूण लावावी. संपूर्ण प्रोग्राममध्ये काउंटर शून्य करणारी जागा एकच असावी. तेथे तिन्ही खुणा लागल्या आहेत असे आढळले तरच काउंटर शून्य करावा आणि खुणा पुसाव्यात. एखादे काम अडकले की त्याची खूण लागत नाही आणि पुढचे आपोआप घडते. एसटीएम३२ मालिकेत एक वेगळी सोयही आहे. तेथील दोन वॉचडॉगांपैकी ‘विंडो’ प्रकारच्या वॉचडॉगला मुदतीनंतर आलेला आदेश जसा चालत नाही तसा फार लवकर आलेलाही चालत नाही. नेमक्या शून्य करण्याच्या ओळीभोवतीच गरगरत राहिलेला प्रोग्राम त्यामुळे पकडला जातो.

अर्थात या साऱ्यालाही मर्यादा आहे. वेळेवर चुकीचे उत्तर देणारा प्रोग्राम कोणत्याही वॉचडॉगला निरोगीच वाटतो.

रिसेट झाल्यानंतर

‘रिसेट झाला की सर्व सुरळीत होते’ ही समजूत आणखी एका कारणाने तपासली पाहिजे. रिसेट मायक्रोकंट्रोलरचा होतो. त्याच्या भोवतीच्या जगाचा होत नाही. ८०५१ कुळात रिसेटच्या वेळी सर्व पोर्टांच्या पिना १ या स्थितीत जातात. पिन १ झाल्यावर रिले ओढला जाईल अशी जोडणी केलेली असेल, तर प्रत्येक रिसेटला पंप क्षणभर सुरू होण्याचा धोका राहतो. वॉचडॉग दर काही सेकंदांनी रिसेट करू लागला तर मोटारीला बसणारे हिसके हा नव्या बिघाडाचा आरंभ ठरू शकतो. म्हणून रिले ० वर ओढला जाईल अशी जोडणी करणे हा वॉचडॉगच्याच विचाराचा भाग आहे. आणि सॉफ्टवेअर शिकवणारा व सर्किट शिकवणारा वेगवेगळे असले की तो नेमका दोघांच्या मध्ये पडतो.

दोन तारांच्या आय-टू-सी बसवर ही अडचण फार वेळा अनुभवास येते. संवाद अर्ध्यावर तुटला तर संवेदक माहितीची तार शून्यावर धरून बसतो. मायक्रोकंट्रोलर रिसेट झाला तरी संवेदकाची वीज गेलेली नसते, त्यामुळे त्याची पकड सुटत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू होतो, बस मोकळी होण्याची वाट पाहतो, पुन्हा अडकतो, पुन्हा रिसेट होतो. आरंभीच घड्याळाच्या तारेवर नऊ स्पंद देऊन संवेदकाला मोकळे करणे किंवा त्याची वीज तोडून पुन्हा देणे, हा त्यावरचा उपाय आहे. वाट पाहणाऱ्या प्रत्येक फेऱ्याला कालमर्यादा असावी, हा तर त्याहून आधीचा.

अशा रिसेटचक्राचे कारण कधी खुद्द वॉचडॉगच असतो. आर्डुइनो उनो बोर्डावरील एटीमेगा३२८पी मध्ये वॉचडॉगला १२८ किलोहर्ट्झचे स्वतंत्र घड्याळ असून मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठरवता येते. मात्र वॉचडॉगमुळे रिसेट झाल्यानंतर तो चालूच राहतो आणि मुदत सर्वांत लहान, म्हणजे १६ मिलिसेकंदांची होते. रिसेटचे कारण दर्शवणारी खूण पुसल्याशिवाय तो बंदही करता येत नाही. काही जुन्या बूटलोडरांत ही दक्षता घेतलेली नव्हती. परिणामी त्या बोर्डांवर वॉचडॉगने एकदा रिसेट केले की बूटलोडर संपण्यापूर्वीच दुसरा रिसेट येई आणि बोर्ड निकामी झाल्याचा भास होई. प्रोग्राम सोडवण्यासाठी ठेवलेली यंत्रणाच त्याला अडकवत असे.

स्वतंत्र घड्याळाचा उल्लेख आला म्हणून : एटी८९एस५२ चा वॉचडॉग प्रोसेसरच्याच क्रिस्टलवर मोजतो. क्रिस्टल थांबला तर प्रोग्रामही थांबतो आणि पहाराही. मॅक्स८१३एल यासारखा, सुमारे १.६ सेकंदांची मुदत असलेला बाहेरचा वॉचडॉग अशा ठिकाणी अद्यापि उपयुक्त ठरतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नोंद. रिसेट वीज गेल्याने झाला, बटण दाबल्याने झाला की वॉचडॉगमुळे, हे सांगणारी खूण आजच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलरांत असते. पिक१६एफ८७७ए सारख्या जुन्या चिपमध्येही मुदत संपल्याची खूण स्टेटस रजिस्टरमध्ये मिळते. प्रोग्रामच्या आरंभी ती वाचून ईईप्रॉममध्ये रिसेटची संख्या आणि शेवटी लागलेल्या खुणा लिहिल्या, तर कोणते काम अडकले होते ते महिन्याभरानेही कळते. लागोपाठ ठरावीक वेळा वॉचडॉग-रिसेट झाल्यास पुन्हा तेच करत न राहता पंप बंद ठेवून फक्त इशारा-दिवा लावायचा, असा निर्णयही त्या संख्येवरून घेता येतो. नोंद नसली तर दोष दडून राहतो. उपकरण ‘अधूनमधून दचकते, पण चालते’ असा त्याचा लौकिक होतो आणि मूळ चूक कोणी शोधत नाही.

प्रात्यक्षिकाचे स्वरूप

प्रचलित प्रात्यक्षिकात विद्यार्थी एलईडी लुकलुकवतो, मुद्दाम अनंत फेरा लिहितो आणि रिसेट झालेला पाहतो. यात वॉचडॉग नेहमीच यशस्वी ठरतो, कारण अडकणे त्याच्या सोयीचे निवडलेले असते. त्याऐवजी विद्यार्थ्याला वरील तीन कामांचा, काउंटर टायमर-इंटरप्टमधून शून्य करणारा, तयार प्रोग्राम द्यावा आणि संवेदकाची तार चालू स्थितीत उपटावी. पातळी मोजणे थांबेल, पंप होता त्याच स्थितीत राहील आणि रिसेट येणार नाही. वॉचडॉग चालू असूनही हे का घडले, याचे लेखी कारण त्याच्याकडून घ्यावे आणि मगच दुरुस्ती करू द्यावी. दुरुस्तीनंतर तार पुन्हा उपटून रिसेट येतो का, त्या क्षणी रिलेची पिन कोणत्या स्थितीत जाते आणि ईईप्रॉममध्ये कोणत्या कामाची खूण गैरहजर नोंदली गेली, या तीन बाबी वहीत मागवाव्यात. यासाठी लागणारे साहित्य बहुतेक प्रयोगशाळांत आजही कपाटात आहे. दोन तासांचे एक सत्र त्यास पुरते.